शेवटचा शेक झाल्यावर

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार सुरू असतात तेव्हा बाईच्या आयुष्याला एक ठरलेलं वेळापत्रक असतं. एकवीस दिवसांनी केमो, त्याआधी रक्ताची तपासणी, ऑपरेशनची तारीख, मग सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशनचा शेक. घरातलं कुणीतरी सोबत असतं, ओपीडीत ओळखीचे चेहरे भेटतात, डॉक्टरांना काही विचारायचं राहिलंच तर पुढची भेट आठवड्याभरात असते. मग एक दिवस शेवटचा शेक होतो. फाईलवर ‘तीन महिन्यांनी फॉलोअप’ असा शेरा पडतो, गोळ्यांची चिठ्ठी हातात येते आणि बाई घरी जाते. घरी पेढे वाटले जातात, देवाला नारळ फुटतो. सगळ्यांच्या लेखी आजार संपलेला असतो. नेमक्या याच दिवसांत अनेकींची झोप उडते.

यात बाईचं मन कच्चं असण्याचा संबंध नाही. उपचारांच्या धावपळीत घाबरायलाही सवड नसते; ती आता मिळते. दर आठवड्याला कुणीतरी तपासत होतं, तो आधारही एकदम निघून जातो. अमेरिकेतले डॉक्टर फिट्झह्यू मलन यांना वयाच्या ३२व्या वर्षी छातीत कर्करोग निघाला होता. त्यातून उठल्यावर १९८५ मध्ये त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहिला. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर ओढण्याची उत्तम तंत्रं वैद्यकाने शोधली, पण बाहेर काढल्यावर तो काठावर धापा टाकत पडतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढच्याच वर्षी उपचार संपलेल्या रुग्णांसाठीची एक राष्ट्रीय संघटना अमेरिकेत उभी राहिली. तिच्या संस्थापकांत मलन होते. आपल्याकडे हा विचार अजून बाल्यावस्थेत आहे.

त्याची गरज मात्र मोठी आहे. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज दिला आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे उपचार संपवून घरी येणारी बाई बहुधा चाळिशी-पन्नाशीतली असते. मुलं शाळा-कॉलेजात, सासू-सासरे घरात, आणि नोकरी, शेती, डबे किंवा शिवणकाम यांपैकी काहीतरी वाट बघत असतं. ‘आता बरी झालीस ना?’ हा प्रश्न खरं तर प्रश्न नसतो. कामाला लाग, असं त्यात सांगितलेलं असतं.

फॉलोअप म्हणजे नेमकं काय, इथूनच गैरसमज सुरू होतात. सर्वसाधारणपणे पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा डॉक्टर तपासतात. त्रास विचारतात, ऑपरेशनची जागा, दुसरा स्तन, काख आणि मान हाताने चाचपून बघतात. वर्षातून एकदा मॅमोग्राफी होते. स्तन वाचवला असेल तर त्या बाजूची पहिली मॅमोग्राफी रेडिएशन संपल्यावर निदान सहा महिन्यांनी करतात. स्तन काढला असेल तर दुसऱ्या बाजूची दरवर्षी करायची. काहीही त्रास नसलेल्या बाईला नेमाने एवढंच लागतं.

‘एवढंच?’ असं घरच्यांना वाटतं, आणि वाटणं स्वाभाविक आहे. पेट स्कॅन का नाही? हाडांचा स्कॅन का नाही? सीए १५-३ ही रक्ताची तपासणी दर तीन महिन्यांनी करून घेतली तर बिघडलं कुठे? या शंकेचं उत्तर इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दिलं. दोन्ही १९९४ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. एकात १,३२० बायका होत्या, दुसऱ्यात १,२४३. दोन्हींत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी, दुसऱ्याला त्याशिवाय छातीचे एक्स-रे, हाडांचे स्कॅन अशा जादा चाचण्याही. काही वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा जादा चाचण्या झालेल्या बायका जास्त जगल्या असं दिसलं नाही. हाडांत किंवा फुप्फुसांत पसरलेला आजार त्रास सुरू होण्याच्या काही महिने आधी सापडला तरी आयुष्य त्याने लांबलं नाही. आजाराची जाणीव मात्र तेवढे महिने आधी पदरात पडली.

हे अभ्यास जुने आहेत, तेव्हापासून औषधं बरीच सुधारली आहेत, आणि नव्या चाचण्यांवर संशोधन चालू आहे. तरीही त्रास नसताना स्कॅन करत बसू नये, हीच आजच्या मार्गदर्शक तत्त्वांची भूमिका आहे. स्कॅनमध्ये भलतीच सावली दिसते, मग सुई घालून तपासणी, मग पंधरा दिवस घरात चूल पेटली तरी कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि शेवटी निघतं जुन्या न्यूमोनियाचा व्रण. पैसे जातात ते वेगळेच. पेट स्कॅन लिहून न देणारे डॉक्टर हलगर्जी करतात असं समजणाऱ्या नातेवाइकांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं.

याची दुसरी बाजू अशी की त्रास झाला तर तारखेची वाट बघायची नाही. व्रणाच्या जागी नवी गाठ किंवा पुरळ, काखेत किंवा मानेत गाठ, एकाच हाडात मुक्कामाला आलेलं आणि रात्रीही न थांबणारं दुखणं, दोन-तीन आठवडे न जाणारा खोकला, धाप, कावीळ, नव्याने सुरू झालेली आणि वाढत जाणारी डोकेदुखी, कारणाशिवाय उतरणारं वजन. यातलं काहीही असलं तर पुढचा फॉलोअप चार महिन्यांनी आहे म्हणून थांबू नये. पुष्कळदा तो आजार निघत नाही, पण बघून घ्यायचं.

आता गोळीबद्दल. फॉलोअपमधला सगळ्यात महत्त्वाचा उपचार घरात, पाण्याच्या घोटाबरोबर होतो, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

ज्यांच्या गाठी स्त्री-हार्मोनवर वाढतात, म्हणजे ज्यांच्या रिपोर्टात ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं, त्या बायकांना किमान पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची असते. पाळी चालू असलेल्यांना बहुधा टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेल्यांना बहुधा लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल. टॅमॉक्सिफेनची हकीकत मोठी आहे. १९६२ मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते तयार केलं, तेव्हा शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. त्या कामी ते साफ फसलं. उंदरांवर चाललं, पण बायकांमध्ये उलट स्त्रीबीज सुटायला मदत करू लागलं. कर्करोगावर मात्र ते लागू पडलं आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्यासाठी बाजारात आलं. पाच वर्षं घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने अशा रुग्णांमधला स्तनाच्या कर्करोगाने होणारा मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, आणि हा फायदा पंधरा वर्षांपर्यंत टिकलेला दिसतो. एवढं काम करणारी ही गोळी स्वस्त आहे.

तरीही ती सुटते. कॅलिफोर्नियात ८,७६९ बायकांच्या औषधखरेदीची नोंद तपासली तेव्हा साडेचार वर्षांत जवळपास तिसरा हिस्सा बायकांनी गोळी सोडून दिलेली आढळली, आणि ठरलेला पूर्ण काळ नीट घेणाऱ्या निम्म्याहूनही किंचित कमी भरल्या. कारणं परदेशातली असोत की परभणीतली, सारखीच. रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, घामाने चादर भिजते. सांधे धरतात, लेट्रोझोल घेणारीला सकाळी उठल्यावर कणीक मळताना बोटं वळत नाहीत. चिडचिड होते, मन उदास राहतं. एकीकडे आजार संपलाय असं सगळे म्हणतात, दुसरीकडे ही गोळी रोज त्याची आठवण करून देते. मग एक दिवस गोळ्या संपतात आणि नवी पट्टी आणायची राहून जाते.

डॉक्टरांना हे सांगायला बायका कचरतात, आणि गर्दीच्या ओपीडीत विचारायचं राहूनही जातं. सांगितलं तर बरंच काही करता येतं. गोळीची वेळ बदलता येते, कधी एका गोळीऐवजी दुसरी देता येते. सांधेदुखीवर तर व्यायाम हा आजमावलेला उपाय आहे. १२१ बायकांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम केलेल्यांचं दुखणं स्पष्ट कमी झालं. लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यायचा आणि कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व विसरायचं नाही. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, किंवा एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर त्याच दिवशी दाखवायला हवं. डिप्रेशनच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचं काम मंदावतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना ही फाईल सोबत न्यायची ती यासाठी.

‘पाच वर्षं निघाली की सुटलीस’ हा दिलासा सगळीकडे दिला जातो. हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगात तो पुरेसा खरा नाही. पाच वर्षं गोळी घेतलेल्या ६२ हजारांहून अधिक बायकांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार परतण्याचं प्रमाण पाचव्या वर्षानंतरही विसाव्या वर्षापर्यंत थोडं थोडं चालूच राहिलं होतं. सुरुवातीला गाठ किती मोठी आणि काखेत किती पसरलेली, यावर ते अवलंबून. म्हणून काहींना डॉक्टर गोळी दहा वर्षांपर्यंत चालू ठेवायला सांगतात. दिग्दर्शिका आणि लेखिका ताहिरा कश्यप यांना २०१८ मध्ये हा आजार झाला होता. २०२५च्या एप्रिलमध्ये, जागतिक आरोग्यदिनी, तो परतल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं. सात वर्षांनी. लोकांना मॅमोग्राफी करून घ्या असंही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. अशा बातमीने घाबरायला होतं, पण वार्षिक तपासणी सोडू नये असं डॉक्टर का म्हणतात तेही तिच्यातून कळतं.

हाताची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण ती रोजच्या संसाराशी बांधलेली आहे.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातून परत वाहणाऱ्या द्रवाची वाट अरुंद होते. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांत सुमारे पाचांतल्या एकीला, आणि फक्त पहिल्या एक-दोन गाठी तपासायला काढलेल्यांत सुमारे वीसांतल्या एकीला, पुढेमागे हाताला कायमची सूज येते. ती एकदम दिसत नाही. आपल्याकडे ती पहिल्यांदा कळते बांगड्यांवरून. कालपर्यंत सैल असलेल्या हिरव्या बांगड्या मनगटावर रुतायला लागतात, ब्लाऊजची एकच बाही दंडाला आवळते, अंगठी निघत नाही, संध्याकाळी हात जड वाटतो. या टप्प्यावर दाखवलं तर विशिष्ट मालीश, दाबपट्टी, घट्ट बसणारा मोजा आणि व्यायाम यांनी सूज आटोक्यात राहते. वर्षभर दुर्लक्ष झालं तर ती घट्ट होत जाते.

खांदा आखडू नये म्हणून सुरुवातीलाच शिकवतात तो व्यायाम साधा आहे. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं भिंतीवर एकेक करत वर चालवत न्यायची, जिथे ओढ बसते तिथे थांबायचं, पेन्सिलीने खूण करायची. दुसऱ्या दिवशी खूण थोडी वर. वरच्या फळीवरचा डबा हाताला लागेपर्यंत, दांडीवर ओली साडी टाकता येईपर्यंत, स्वतःची वेणी घालता येईपर्यंत हे करत राहायचं. रेडिएशनने कातडी आणि स्नायू नंतरही महिनोन् महिने आखडत असतात, म्हणून शेक संपला तरी भिंत सोडायची नाही.

‘त्या हाताने काही उचलू नको’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. शेजारणी देतात, कधी दवाखान्यातूनही मिळतो. कॅथरिन श्मिट्झ या अमेरिकन संशोधिकेने हात आधीच सुजलेल्या १४१ बायकांवर अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हलक्या वजनापासून सुरू करून, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत नेलेल्या गटात सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग दुसऱ्या गटाच्या निम्म्यावर आले. म्हणजे हात जपायचा तो वापरून, हळूहळू ताकद वाढवून. पाण्याचा हंडा पहिल्याच महिन्यात उचलायचा नाही, पण तो हात कायमचा पदराआडही ठेवायचा नाही. त्या हाताचं रक्त घेतल्याने किंवा रक्तदाब मोजल्याने सूज येते ही भीतीही ६३२ रुग्णांच्या एका अभ्यासात खरी ठरली नाही. दुसरा हात रिकामा असेल तर तो द्यावा, पण चुकून एकदा सुई टोचली म्हणून आठवडाभर हाय खाऊ नये. खरी काळजी घ्यायची ती जंतुसंसर्गाची. विळीवर बोट कापलं, तव्याचा चटका बसला, गुलाबाचा काटा टोचला तर लगेच धुऊन औषध लावायचं. हात लाल, गरम होऊन ताप आला तर घरगुती लेप न लावता थेट डॉक्टर गाठायचा. वजन वाढू न देणं हाही सूज टाळण्याचाच भाग.

छातीचा विषय बायका सर्वांत शेवटी काढतात. एक बाजू काढलेली असते, घरातला आरसा टाळला जातो, आणि ब्लाऊजमध्ये कापूस किंवा स्पंज कोंबून काम भागवलं जातं. कापूस वर सरकतो, पदर दहादा सारखा करावा लागतो, लग्नाच्या पंगतीत वाढायला वाकायची भीती वाटते. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, त्याला वजन असतं, त्यामुळे दोन्ही खांदे समतोल राहतात, पण किंमत हजारांत असते. सुती धाग्याने विणलेले, हलके आणि उन्हाळ्यात सुसह्य स्तन काही स्वयंसेवी गट मोफत देतात. घरच्या शिलाई मशीनवर ब्रेसियरच्या आत मऊ कापडाचा खिसा शिवला की ते जागेवर राहतात. ओपीडीतल्या समाजसेविकेला विचारायला यात लाजण्यासारखं काही नाही. स्वतः यातून गेलेल्या बाईने नव्या रुग्णाला भेटायचं, ब्लाऊजपासून सगळं बोलायचं, ही पद्धत १९५२ मध्ये अमेरिकेत टेरेस लॅसर यांनी स्वतःच्या ऑपरेशननंतर सुरू केली. मुंबईत वंदना गुप्ता यांनी कर्करोगातून उठल्यावर १९९४ मध्ये ‘व्ही केअर फाउंडेशन’ उभी केली, तीही याच वाटेने.

नवरा-बायकोच्या नात्याबद्दल तर कुणीच बोलत नाही. केमोने पाळी अवेळी थांबते, कोरडेपणा येतो, जवळीक दुखरी होते, आणि ‘या वयात, या आजारानंतर आता काय’ असं म्हणून तो विषय मिटवला जातो. कर्करोग शरीरसंबंधातून लागत नाही, शेक घेतलेल्या बाईच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, हे शिकल्यासवरल्या घरांतही सांगावं लागतं. कोरडेपणावर हार्मोन नसलेली जेल मिळतात. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी देतात त्या स्त्री-हार्मोनच्या गोळ्या मात्र या आजारानंतर घ्यायच्या नाहीत. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी बंद झालेली दिसली तरी गर्भ राहू शकतो आणि औषधाचा गर्भाला धोका असतो, म्हणून निरोध किंवा तांबी हवी. ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यासाठी २०२३ मध्ये चांगली बातमी आली. दीड ते अडीच वर्षं गोळी घेतल्यावर ती थांबवून मूल होऊ देणाऱ्या, बेचाळिशीच्या आतल्या सुमारे पाचशे बायकांवर लक्ष ठेवलं गेलं. पहिल्या तीन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण त्यांच्यात वाढलेलं आढळलं नाही. पुढच्या वर्षांचं निरीक्षण चालू आहे, आणि निर्णय डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यायचा. पण ‘आता मुलाचा विचारच सोडा’ हे सरसकट सांगणं बरोबर नाही.

थकवा हा दुसरा न दिसणारा त्रास. केस उगवतात, चेहऱ्यावर तेज येतं, आणि घरच्यांना वाटतं बाई ठणठणीत झाली. तिला मात्र दुपारी दोनला पाय ओढत चालावं लागतं, गॅसवर दूध ठेवल्याचं आठवत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येत नाही. महिनोन् महिने, काहींना वर्षभराहून जास्त हे चालतं. नुसत्या आरामाने हा थकवा जात नाही, बेताच्या व्यायामाने कमी होतो. योगासनांचा उपयोग होतो का, हे मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये ८५० रुग्णांवर तपासलं गेलं, डॉ. नीता नायर यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओच्या परिषदेत ते मांडलं. यातले योग करणारे रुग्ण नेहमीचे सगळे उपचार घेत होते आणि त्याच्या जोडीला सोपी आसनं, प्राणायाम करत होते. जोडीला हा शब्द महत्त्वाचा, कारण औषध सोडून योग किंवा भस्म यांच्या मागे लागलेली कुटुंबं आजही दिसतात.

खाण्यापिण्यावर जेवढे सल्ले मिळतात तेवढ्यांना आधार नाही. साधी भाजी-भाकरी, डाळ, उसळ, दूध, अंडी, फळं चालतात. सोयाबीनला घाबरायचं कारण नाही. शांघायमध्ये पाच हजारांवर रुग्णांच्या पाहणीत सोया खाणाऱ्यांचं नुकसान दिसलं नाही.

बहुतेक बायकांचा आजार आनुवंशिक नसतो. पण कमी वयात झाला असेल, किंवा आई-मावशी-आत्या यांच्यापैकी कुणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग असेल, तर बीआरसीए जनुकाच्या तपासणीबद्दल विचारावं. ती बहिणींच्या आणि मुलींच्याही उपयोगाची असते.

या सगळ्यात महाराष्ट्रातली मोठी अडचण अंतराची आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हापासून ‘टाटाला जाणं’ हा राज्यभर एक प्रवासच झाला आहे. जळगाव, लातूर, यवतमाळहून रात्रभर गाडीने यायचं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरायचं, आणि दहा मिनिटांच्या तपासणीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवायची. बरं वाटत असताना हा प्रवास पहिल्यांदा टळतो, मग सुटतोच. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला, रत्नागिरीत डेरवणला, नागपुरात कर्करोगाचे उपचार मिळतात. त्रास नसलेल्या बाईची मधली तपासणी आणि मॅमोग्राफी जवळच्या केंद्रात करता येईल का, हे मूळ डॉक्टरांना सरळ विचारावं. त्यासाठी उपचारांचा एक पानी गोषवारा मागून घ्यायला हवा. गाठीचा प्रकार, ईआर, पीआर आणि हर-टूचे निकाल, केमोच्या औषधांची नावं आणि डोस, शेक कोणत्या बाजूला आणि किती, गोळी कधी सुरू झाली आणि कधीपर्यंत. केमोतली काही औषधं आणि हर-टूवरचं ट्रास्टुझुमॅब हृदयावर परिणाम करू शकतात, म्हणून वीस वर्षांनी धाप लागली तरी नव्या डॉक्टरांना हे पान लागेल.

मुंबईलाच यायचं असेल तर रेल्वेची सवलत फक्त उपचारांपुरती नाही, ठरावीक तपासणीच्या प्रवासालाही लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबत येणाऱ्या एकाला त्यात ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठीचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाकडून भरून घ्यावं लागतं. पुढची तारीख घेतानाच ते मागून ठेवलेलं बरं.